पाच वगळून

आमच्या खानावळीत तव्यावरची भाकरी करपली की मी मोठ्यानं म्हणते, "कंटिन्यू!" नवं गिऱ्हाईक असलं तर घास हातात धरून माझ्याकडं बघतच राहतं. म्हातारीला काही झालं की काय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. जुनी माणसं हसतात. त्यांना माहीत आहे हा शब्द कुठून आला ते. आता तशी जुनी माणसंही थोडीच उरली, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं. मी शाळा चौथीपर्यंत शिकले. पुढचं सगळं पुड्यांच्या कागदावर शिकले, किराणा सोडला की कागद वाचून मग चुलीत घालायचा. तेव्हा माझं लिहिणं म्हणजे बोलणंच, फक्त तुम्ही मधे विचारायला समोर नाही.

तीर्थपुरीत बसस्टँडच्या मागं माझं पत्र्याचं शेड आहे. अर्ध्यात खानावळ आणि अर्धं रिकामं. मधे भिंत तीही पत्र्याचीच. एक दिवस टेम्पो थांबला, त्यात आठ कम्प्युटर पोत्यात गुंडाळून निजवलेले, आणि त्यांच्या मधे पाय पोटाशी घेऊन बसलेले खरात सर. मूळचे हसनाबादकडचे, जालन्याला एका कॉलेजात शिकवून रिटायर झालेले. बायको मागंच वारलेली. उतरल्या उतरल्या "जयभीम अक्का" म्हणाले आणि विचारलं, "ही अर्धी जागा किरायानं देता का? क्लास काढायचाय."

म्हटलं, "द्यायची हाय. किती दिवस पायजे?"

तर माणूस खूश! "बराबर! हे विचारायला पायजे. दुनिया विचारती कधी सुरू करता. कधी थांबता, हे कुणी विचारत न्हाई."

तेव्हा मला वाटलं माणूस जरा सटकेल आहे. मग कळलं, त्यांचं सगळं जगणंच असं होतं. कुणी म्हणालं "येतो सर", की हे म्हणणार, "कधीपर्यंत?" कुणी म्हणालं "थांबा जरा", की हे, "जरा म्हंजे? अट सांगा." एकदा लाईट गेली. पोरं म्हणाली, लाईट येईपर्यंत बसू सर. सरांनी खडू उचलला. "आणि आलीच न्हाई तर? म्हातारे होईपर्यंत बसाल का? दुसरी अट लावा. लाईट येईपर्यंत, किंवा साडेपाचची गाडी येईपर्यंत. दोन्हीतलं जे आधी." आणि खरंच साडेपाचच्या गाडीला पोरं गेली, लाईट आली ती पावणेसहाला. सर मला म्हणाले, "बघा अक्का. एकच अट असती तर पोरं मुक्कामी राह्यली असती, आणि त्यांच्या आया तुमच्या दारात."

दिसायला म्हणाल तर काही विशेष नाही. काटकुळे, उंच, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी खडू. त्यामुळं खिशाच्या तळाशी कायम पांढरा डाग. जेवायला बसले की आधी सगळ्यांचे पाण्याचे ग्लास एका रेषेत लावायचे. गिऱ्हाईक वैतागायचं. पण ताट मात्र असं पुसून खायचे की मला घासायची लाज वाटावी.

पत्र्याच्या भिंतीतून आवाज इकडचा तिकडं जातो. माझी भाकरी थापायची थपथप त्यांना ऐकू जायची आणि त्यांचं शिकवणं मला. पहिले काही महिने मला वाटायचं माणूस सारखा 'लूप लूप' काय करतो. मग ऐकून ऐकून उमगलं. तेच तेच काम परत परत करायला लावायचं मशीनला, त्याला लूप म्हणायचं. त्यात अवघड काय? मी चाळीस वर्षं दुसरं काय करते! आणि त्यांचेही कान माझ्याकडं असायचे. दुपारी जेवायला यायचे आणि बसता बसता म्हणायचे, "आज बावीसच झाल्या अक्का. दोघं आले न्हाईत वाटतं." बिलकुल खरं असायचं. मी किती भाकरी थापल्या हे भिंतीपलीकडं बसून मोजणारं माणूस मला उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं. आमच्या मालकांनीसुद्धा कधी मोजल्या नाहीत, नुसत्या खाल्ल्या.

एका दुपारी जेवणं उरकली होती. सर हात धुऊन तसेच बसले, तोंड उतरलेलं. म्हणाले, "अक्का, पोरांना ब्रेक आणि कंटिन्यू समजून न्हाई राह्यलं. तीन दिवस झाले. कंटिन्यूचा अर्थ चालू ठेवा, म्हणून ती समजतात की काही करायचंच न्हाई."

मी म्हटलं, "मला सांगा. मला कळलं तर त्यांना कळंल."

"तुम्ही भाकरी करता. कुठवर करता?"

"माणसं जेवतात तोवर."

"ही झाली अट. मधेच एक करपली. मंग?"

"ती गायीला. पुढचा गोळा घ्यायचा."

"उठून जात न्हाई तुम्ही?"

"एका भाकरीसाठी उठू व्हय? बाकीच्यांनी काय खावं?"

सर ताडकन सरळ झाले. "आणि मधेच गॅस संपला तर?"

"मंग काय! उठायचं. पीठ असू द्या न्हाईतर माणसं असू द्या, गॅसच न्हाई म्हणल्यावर थापून काय करू?"

त्यांनी खिशातला खडू काढला आणि माझ्या काळ्या तव्याच्या पाठीवर दोन शब्द लिहिले. "करपली म्हंजे कंटिन्यू. एवढी एक सोडायची, पण तव्यापासून हलायचं न्हाई. गॅस संपला म्हंजे ब्रेक. लूपच्या भाईर." आणि हसले. सरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पुढचे दात पडलेले होते म्हणून हसायचे नाहीत, असं मी समजत होते. दात शाबूत होते सगळे.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून आवाज यायला लागले. "सर, इथं करपली टाकू का गॅस संपला?" "अरं गधड्या, एक आकडा नकोय तर सगळा गॅस कशाला बंद करतो?" गावात पसरलं ते. रेश्मा म्हणून एक पोरगी होती, अंतरवालीकडून गाडीनं यायची, कापूस वेचणीच्या दिवसांत बोटं चिरलेली घेऊन कीबोर्डवर बसायची. ती एकदा पाणी प्यायला इकडं आली. म्हटलं, "काय गं, काल पाहुणे आल्ते म्हणं बघायला?"

"आल्ते मावशी. करपली."

"मंग?"

"मंग काय, गॅस चालू हाय. पुढची."

सर भिंतीपलीकडून ओरडले, "बराबर!"

आता वानराची गोष्ट सांगते. हनुमान नव्हे, आपलं साधं काळतोंडं वानर, मोसंबीच्या बागांतून हिंडणारं. भर दुपारी खानावळीत शिरलं. आत दहा-बारा माणसं जेवायला. जी पळापळ झाली! एक कंडक्टर बाकावर चढला, एक बाकाखाली, मी लाटणं घेऊन उभी, भाकरीला लाटणं लागत नाही पण हाताला तेच आलं. आणि सर? सर जागचे हलले नाहीत. वानर त्यांच्या समोर येऊन बसलं. सरांनी अर्धी भाकरी मोडून त्याच्या पुढं सरकवली आणि आपली अर्धी खात राहिले. जणू रोजचं गिऱ्हाईक. खाऊन वानर गेलं, तेव्हा कुठं आमचा जीव भांड्यात पडला.

कंडक्टर बाकावरूनच म्हणाला, "सर, तुम्हाला भेव न्हाई वाटलं?"

"वाटलं."

"मंग उठला का न्हाई?"

"ताटावरून उठत न्हाई मी." एवढं म्हणून त्यांनी ग्लास परत रेषेत लावला. मग मान खाली घालून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "एकदा उठलो होतो."

मी विचारलं नाही. गिऱ्हाइकं होती समोर. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्यानंतर बघायला लागले तर खरंच, फोन वाजू दे, पाऊस आत येऊ दे, माणूस शेवटचा घास संपवल्याशिवाय उठत नसे.

रविवारी क्लास बंद, खानावळीतही गर्दी नाही. स्टँडावरची माणसं रविवारी आपापल्या घरी जेवतात. माझी लेक परभणीकडं नांदती, वर्षातून दोनदा येती. म्हणजे रविवारी दुपारी ह्या शेडात मी आणि सर, दोनच माणसं. ते दारातल्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे. खिशातून रुमाल काढायचे, रुमालातून फोन. फोन उघडून बघत राहायचे. अंगठा वर धरलेला, खाली येत नाही. मग म्हणायचे, "हा रविवार जाऊ द्या." फोन रुमालात, रुमाल खिशात, आणि मग जेवायला यायचे. दर रविवारी. कॅलेंडर चुकंल, ते चुकायचं नाही. मला वाटायचं, लॉटरीबिटरीचं काही असंल.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला रेश्माचा घोटाळा झाला. सरांनी सोपं काम दिलं होतं. एक ते दहा आकडे दाखवायचे, पाच वगळून. रेश्मानं लिहिलं, चालू केलं. एक, दोन, तीन, चार. आणि पुढं काही नाही. पडदा तसाच. मी ताक द्यायला गेले होते तेव्हा सगळी पोरं तिच्यामागं गोळा.

"बंद पडला का?" मी विचारलं.

"बंद न्हाई अक्का," सर म्हणाले. "हात लावून बघा." मी डब्याला हात लावला. तापलेला होता. आत पंखा घोंघावत होता, गिरणीसारखा. "बंद वाटतो. पण जिवाच्या आकांतानं काम करून राह्यलाय."

"मंग पाचाच्या पुढं का जात न्हाई?"

सरांनी पोरीलाच समजावलं, पण मला कळावं अशा बेतानं. "पाच आला, तू सांगितलं हा सोड. त्यानं सोडला. पण एक वाढवायची ओळ तू खाली लिहिली, सोडण्याच्या नंतर. तिथपर्यंत तो पोचतच न्हाई. म्हणून परत वर गेला आणि परत पाचच. परत सोडला. परत पाच. त्याला वाटतं आपण सोडून पुढं चाललो. पुढं जातच न्हाई तो. बेटा, वगळायच्या आधी एक वाढवायचं असतं. न्हाईतर वगळलेल्या आकड्यातच माणूस... मशीन अडकतं."

रेश्मानं ओळ वर घेतली. चार आणि लगेच सहा, सात, आठ, नऊ, दहा, फटाफट. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र तिच्या मशीनवर हात ठेवून उभेच. पंखा शांत होईपर्यंत हात काढला नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी ठेचा वाटत होते आणि ते समोर बसून ताटात बोट फिरवत होते, तोंडातून आपोआप आल्यासारखं.

मुलगा पुण्याला होता. सुमेध नाव. कम्प्युटरमध्येच मोठ्या जागेवर. त्याला लूप शिकवला तो सरांनीच, पाटीवर, तो सहावीत असताना. रिटायर झाल्यावर सर त्याच्याकडं गेल्ते. घरात त्याचे ऑफिसातले मित्र जेवायला आलेले. टेबलावर सर सांगायला लागले, आता खेड्यात क्लास काढतो, पोरांना खडूनं लूप शिकवतो. तर सुमेध हसला. म्हणाला, "बाबा, आता लूप हातानं कुणी लिहीत न्हाई. मशीनला सांगितलं की तेच लिहून देतं. तुम्ही उगा त्या पोरांचा टाइम खायला चालला."

"मित्र हसले का?" मी विचारलं.

"एक हसला. बाकीचे भाजी घेत होते." सर म्हणाले. "मी उठलो, अक्का. उष्ट्या हातानं उठलो. सून दारापर्यंत आली, पप्पा पप्पा करत. तो टेबलावरच बसून राह्यला. हात धुतला तो डायरेक्ट बसस्टँडवर."

"मंग त्यानं फोन केला न्हाई?"

"केला ना. दोन महिने करत होता. मी उचलला न्हाई. मंग बंद झाला." त्यांनी ग्लास उगाच इकडचा तिकडं केला. "चार वर्षं झाली. तुमच्या तव्यावर शिकलो मी, तेव्हा लक्षात आलं. तिथं एक भाकरी करपली होती, अक्का. मी गॅसच बंद केला."

बाहेर स्टँडावर कुणीतरी जालन्याची गाडी लागली म्हणून ओरडत होतं. ठेच्यातला लसूण तसाच राहिला माझा.

"मंग आता लावा की फोन."

"लावणारच. दर रविवारी काढतो. आज नको वाटतं. हा एक सोडून देऊ, पुढच्या रविवारी बोलू." आणि जेवून, ताट पुसून, उठले.

मला त्याच क्षणाला कळलं होतं. अगदी रेश्माच्या पडद्यासारखं दिसलं समोर. पण मी बोलले नाही. इथं खोटं लिहून उपयोग नाही. मी पुढचे दोन रविवार बोलले नाही. मला माहीत होतं, हे बोलले की हा माणूस जाणार. आणि गेला की पलीकडून "आज बावीसच झाल्या" म्हणणारं कुणी राहणार नाही. दोन रविवार ते लिंबाखाली फोन काढत होते, "हा रविवार जाऊ द्या" म्हणत होते, आणि मी आतून ऐकून न ऐकल्यासारखं पीठ मळत होते. तिसऱ्या रविवारी जालन्याची गाडी येऊन गेली तरी त्यांचा अंगठा वरच होता. वय झालं होतं हो. मला माझीच लाज वाटली.

ते जेवायला बसले. दोन भाकरी वाढल्या, वांग्याची भाजी. अर्धी भाकरी खाऊन झाली होती. मी त्यांच्यासमोर परात घेऊन बसले. पाच गोळे करून ओळीनं मांडले. पहिला उचलला, थापला, तव्यावर टाकला. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा उचलला, बघितला, "हा जाऊ द्या" म्हटलं आणि परत परातीत ठेवला. परत तोच उचलला. "हा जाऊ द्या." परत ठेवला. परत उचलला.

सर घास थांबवून बघायला लागले. "काय करून राह्यल्या अक्का? तोच गोळा घेताय परत परत."

"न्हाई हो. सोडून पुढं चालले मी."

"कुठं पुढं? तोच तर हाय हातात!"

"तुम्ही काय करून राह्यला मंग दर रविवारी?"

चौथी भाकरी तव्यावर फुगली, मी उतरवली. त्यांचे डोळे त्या गोळ्यावर. बोटांच्या खुणा पडून पडून त्याची पार रया गेलेली.

"एक वाढवायचं राह्यलं," ते हळू म्हणाले.

"राह्यलं तर वाढवा."

"आता कुठं वाढवू, अक्का?"

"वगळायच्या आधी. तुम्हीच सांगितलं न्हवं का त्या पोरीला?"

आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. सर ताटावरून उठले. वानर आलं तेव्हा न उठलेला माणूस, अर्धी भाकरी ताटात ठेवून उठला. दाराशी गेले, वळले, म्हणाले, "ताट झाकून ठेवा. हे उठणं वेगळं हाय."

मी ताटावर परात पालथी घातली. ते आपल्या बाजूला गेले, दार लोटलं. मी हात आवरून बसले, थपथप झाली तर ऐकू यायचं नाही म्हणून. पीठ बोटांवर वाळत होतं. पलीकडं रिंग वाजत राहिली, फोनचा आवाज त्यांनी मोठा केलेला असायचा. मग थांबली.

"हां," सर म्हणाले. "जेवलास का?"

तिकडूनही तेच विचारलं असावं.

"न्हाई. अर्धं जेवलो. ठेवून आलोय... हाय, झाकलंय... गुडघा? दुखतो की... घेतो, घेतो गोळ्या... न्हाई रे, रेशनचा न्हाई, चांगला तांदूळ असतो इथं... क्लास? आठ मशीन हायत. सहा चालतात." मग आवाज खाली गेला, पत्र्यालाही ऐकू येईना. शेवटी एकच ऐकलं. "मला तेव्हा फोन उचलायला पायजे होता."

परत आले, परात बाजूला केली, बसले.

"थंड झाली असंल, दुसरी देते."

"हीच द्या." आणि खाल्ली त्यांनी, एकेक तुकडा चावून.

मी वाट बघितली, बघितली, मग राहवेना. "काय म्हणला?"

"गोळ्या घेता का म्हणला."

"आणि?"

"या म्हणला." ताट पुसून झालं, ग्लास रेषेत लावले. एकच माणूस जेवत होता तरी दोन ग्लास होते ते रेषेत लावले. "जाऊन येतो म्हणतो, अक्का."

मी पदरानं हात पुसले. त्यांचाच शब्द तोंडात आला. "कधीपर्यंत?"

सगळ्या गावाला अट विचारणारा माणूस. वर पत्र्याकडं बघितलं, खाली ताटाकडं बघितलं, आणि म्हणाले, "बघू."

तेव्हाच समजले मी.

आठ दिवसांसाठी म्हणून गेले. गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग डोळ्याचं. सुमेधनं ठेवून घेतलं, आणि बरं केलं. क्लास काही दिवस रेश्मानं चालवला, अगदी सरांसारखा ओरडून. मग तिला जालन्याला नोकरी लागली. कम्प्युटर टेम्पोत घालून गेले, आले होते तसेच पोत्यात गुंडाळून. आता पलीकडची जागा खतवाल्याला दिली आहे. माणूस चांगला आहे, भाडं वेळेवर देतो. पण गोण्या बोलत नाहीत. सुरुवातीला मी भाकरी थापून झाल्या की हात धुता धुता भिंतीकडं कान द्यायची. मग ती सवय गेली, म्हणजे बरीच गेली.

सरांचा फोन येतो, रविवारी. फार बोलत नाहीत, ऐकू कमी येतं आता. पहिलं विचारतात, "आज किती झाल्या?" मी मोजून ठेवते, त्यांना सांगायला. पूर्वी मी कधी मोजत नव्हते. "चौदा," म्हणते. ते म्हणतात, "कमी झाल्या." मी म्हणते, "खाणारे कमी झाले." फोन ठेवायचं कुणी, हे आमच्यात अजून ठरलेलं नाही.

पण मला सर आठवतात ते फोनवरचे नाही. ते गेले त्या सकाळचे. अंबडची गाडी लागलेली, पुढं तिकडून पुण्याची धरायची. एक पिशवी, रुमालात फोन, खिशात खडू. मी भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, फडक्यात, वर ठेचा. गाडी सुटेना. ड्रायव्हर चहाला गेलेला. सर खिडकीशी बसलेले, मी खाली उभी. त्यांनी उगाच फडक्याची गाठ सोडली, वास घ्यावा तशी. आणि वरची भाकरी उचलून खिडकीतून मला दाखवली. एका अंगानं पार काळी.

मुद्दाम ठेवली होती का, असं मला रेश्मानं नंतर विचारलं. नाही गं. त्या सकाळी माझा हात ठिकाणावर नव्हता. करपलेली ती कधी बांधली गेली, कळलंच नाही.

"करपली, अक्का!" सर ओरडले.

"टाका ती गायीला!" मी खालून ओरडले. "पुढची घ्या!"

ड्रायव्हर आला, गाडी हलली. स्टँडावर गायी होत्या, खिडकीखालीच दोन उभ्या होत्या. सरांनी टाकली नाही. गाडी वळेपर्यंत मला दिसत होतं, त्यांनी त्या काळ्या बाजूचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.